दोघांची एकादशी

४ तारीख, मंगळवार

आज ह्यांना घरी आणलं. ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी खुर्चीसकट उचलून तीन मजले चढवले. वर पोचेपर्यंत त्यांचे श्वास फुलले होते आणि हे मात्र खुर्चीत राजासारखे बसून प्रत्येक वळणावर डोळे वटारत होते. बोलता आलं असतं तर 'सांभाळून, काचसामान आहे' असं नक्की म्हणाले असते. सगळा जन्म चष्म्याच्या काचा घासण्यात गेला, दुसरं काय सुचणार.

उजवी बाजू गेलीय. वाचा गेलीय. डावा हात चालतो आणि कळतं सगळं, हे डॉक्टरांनीही सांगितलं आणि ह्यांच्या डोळ्यांत मलाही दिसतं. नाकातून नळी घातलीय, ती गालाला चिकटपट्टीने लावलीय. तिच्यातून सिरिंजने पातळ अन्न सोडायचं, आधी पाणी, नंतरही पाणी, नळी तुंबता कामा नये. नर्सने दाखवलं आणि मला जमलं. चष्म्याचे स्क्रू बसवण्यात जिची उमर गेली तिला सिरिंज काय अवघड.

अवघड आहे ते पुढे. गळ्यात ताकद येतेय, पण आता ह्यांनी तोंडाने खायला लागलं पाहिजे. २७ तारखेला तपासणी आहे. तोवर तोंडाने पुरेसं जायला लागलं नाही तर पोटाला छेद देऊन तिथे नळी बसवायची. मी विचारलं, ती मग निघते का? डॉक्टर म्हणाले, 'काहींची निघते.' ह्या 'काहींची'चा अर्थ न कळायला मी खुळी नाही.

दुकान बंदच आहे. पूर्वी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी असंच काहीबाही लिहीत बसायची. आता घरात गिऱ्हाईक नाही म्हणून लिहितेय.

७ तारीख, शुक्रवार

गिळण्याचे व्यायाम घेणारी बाई आली. सोमवारी आणि शुक्रवारी येणार. आमच्या लेकीच्याच वयाची, बोलायला गोड, पण शिस्त सासूसारखी. पाठ ताठ, हनुवटी छातीकडे, चमच्याच्या टोकावर बसेल एवढाच घास, गळ्याची घाटी वर जाऊन खाली येईपर्यंत दुसरा घास नाही. मग 'आ' म्हणायला लावायचं. आवाज ओला आला तर थांबायचं. सारखी 'घोट घ्या, घोट घ्या' करते म्हणून मी मनात तिचं नाव घोटबाई ठेवलं. हे बोलत असते तर त्यांनी माझ्याआधी ठेवलं असतं.

केळं अगदी गुळगुळीत करून आणलं. हे तोंड उघडेनात. घोटबाईने लाडीगोडी लावली, मी डोळे मोठे केले, काही उपयोग नाही. शेवटी मी म्हटलं, "कडू नाहीये हो, हे बघा," आणि माझ्या चमच्याने थोडं खाऊन दाखवलं. पुन्हा एकदा खाल्लं. तेव्हा कुठे साहेबांनी ओठ उघडले. घाटी वर गेली, खाली आली. घोटबाईने टाळी वाजवली. निम्मं केळं संपलं.

मला रडू आलं. माणसाने केळं खाल्लं म्हणून रडायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

८ तारीख, शनिवार, एकादशी

एकादशी मी लग्नाआधीपासून करते. दूध, फळं आणि चहा. चहाचं देव काही मनावर घेत नसावा, असं मी धरूनच चालले आहे. आज हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला की ह्या एकादशीचं पुण्य ह्यांच्या गळ्याला लागू दे. सकाळी डोकं शांत होतं, मन हलकं होतं. रिकाम्या पोटी देवाशी बोलायला बरं वाटतं, मध्ये कुणी येत नाही.

मग चमचा घेऊन बसले. कालचंच केळं, कालचाच चमचा, कालचीच मी. तोंडाला कुलूप. ओठांना चमचा लावला तर मान फिरवली. माझ्याकडे बघायचे, चमच्याकडे बघायचे आणि पुन्हा मान फिरवायची. मी चिडले, मग एकादशीच्या दिवशी चिडले म्हणून स्वतःवर चिडले.

तशी एकादशी ह्यांना कधीच मानवली नाही. दुकानात आमचा दोघांचा एकच डबा असायचा. एरवी मी गिऱ्हाईक बघायला उठले की परत येईपर्यंत डबा तस्साच. 'खाऊन घ्यायचं की हो,' म्हटलं की म्हणायचे, 'गार जेवण बरं असतं.' हट्टी माणूस. आणि एकादशीला तर ह्यांचं पित्त हमखास उठायचं. मी मुद्दाम ह्यांच्यापुरता वेगळा डबा करून द्यायची, तो संध्याकाळी भरलेलाच घरी यायचा. किती औषधं केली, पण ते पित्त काही गेलं नाही. आजही तेच असेल. नळीतून थोडं थंड दूध सोडलं.

११ तारीख, मंगळवार

आज गंमत झाली. सकाळपासून चादरी, अंघोळ, नळीची पट्टी बदलणं ह्यात जेवायला उशीर झाला आणि पोटात कावळे ओरडायला लागले. ताट घेऊन ह्यांच्या पलंगाशेजारीच बसले आणि घाईघाईने जेवायला लागले. बघते तर हे माझ्या ताटाकडे टक लावून बघतायत. गंमत म्हणून मऊ भातात दही कालवून, चाळणीवर घोटून आणलं. एक घास माझा, एक त्यांचा, असं करत अर्धी वाटी गेली. 'आ' सुद्धा कोरडा आला.

लगेच देवापुढे साखर ठेवली. शनिवारची एकादशी पोचली म्हणायची. जरा उशिरा पोचली, एवढंच.

लेक संध्याकाळी डेपोतून आली. बसची वेळापत्रकं लावायचं काम तिचं, त्यामुळे घरी आली तरी घड्याळ डोक्यातून जात नाही. 'किती वाजता खाल्लं? कुणी भरवलं? बसले होते कसे?' म्हटलं, बाई, गाडी एकदाची सुटली ना, झालं तर.

१२ तारीख, बुधवार

वन्संना फोन केला. ह्यांची मोठी बहीण. उपासतापासात त्यांचा हात धरणारं आमच्यात कुणी नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चहा घेतलास ना एकादशीला?"

"घेतला."

"म्हणून उशीर लागला. अगं, उपास म्हणजे नुसतं भात-पोळी सोडणं नव्हे. शरीर रिकामं होतं तेव्हा मन धुतलं जातं. तू मन धुवायला काढतेस आणि वर चहा ओततेस."

वन्संना उंटावरून शेळ्या हाकायची सवयच आहे, पण ह्यावेळी मला पटलं. माझं मन काही स्वच्छ नाही. राग आहे. नळीचा आहे, डॉक्टरांच्या त्या 'काहींची'चा आहे, हे मला न सांगता आजारी पडले त्याचाही आहे. असल्या मनाने मागितलेलं देव कशाला देईल? आता एकादशीची वाट बघत बसायची नाही. उद्यापासून २७ तारखेपर्यंत रोज एकदाच जेवायचं, तेही दिवेलागणीनंतर, स्वयंपाकघरात, ह्यांच्या नजरेआड. आजाऱ्याला दाखवून काय जेवायचं. चहा बंद.

१४ तारीख, शुक्रवार

काल नाही, आज नाही. घोटबाईने भात आणला, फळ आणलं, भाजीचं सूप घट्ट करून आणलं. ओठ मिटलेले. तिने गळ्याला हात लावून तपासलं, थुंकी गिळताना घाटी छान हलते म्हणाली. "काकू, काकांना गिळता येतंय. ते गिळत नाहीयेत." मन खचलं की माणसं असं करतात, म्हणाली.

खचायला काय झालं? मी इथे ह्यांच्यासाठी जीव काढतेय.

भुकेने डोकं दुखतं, पण त्याचं काही नाही. सवय होईल.

१७ तारीख, सोमवार

पुन्हा नाही. लेकीने रविवारभर प्रयत्न केला. स्वतः समोर बसून जेवली, गाणी लावली, लहानपणी हे तिला भरवायचे तसं विमान करून चमचा फिरवला. हे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले. दार लोटून घेतलं तर दाराच्या फटीकडे बघायला लागले.

आज दुपारी नाकाची पट्टी बदलत होते तेव्हा ह्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. बांगडी कोपराकडे सरकवली, पुन्हा खाली आणली, पुन्हा वर. ढिली झालीय खरी. घसरून हरवेल ही काळजी, आणखी काय. एवढ्या दुखण्यातही सोन्यावर लक्ष आहे. मी बांगड्या काढून कपाटात ठेवल्या आणि ह्यांना रिकामे हात दाखवून म्हटलं, "ठेवल्या बघा नीट, आता हरवत नाहीत." तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

माझ्या प्रार्थनेत कुठेतरी खोट आहे. काल जेवताना वरून मीठ घेतलं होतं. जिभेचे चोचले आणि म्हणे उपास. उद्यापासून अळणी.

१९ तारीख, बुधवार

लेकीशी भांडण झालं. सकाळी ओट्याशी उभी असताना चक्कर आली आणि तिने बघितलं.

"आई, आरशात बघितलंयस का? तू वाळत चाललीयस."

"मला काही झालं नाहीये."

"तू पडलीस तर बाबांना कोण बघणार? मी डेपो सोडून घरी बसू?"

"मी पडत नाही. देव बघतोय."

"मग देवाला सांग, येऊन सिरिंज धर म्हणावं."

मी तिला नको ते बोलले. हे पलंगावरून सगळं ऐकत होते. डाव्या हाताने पलंगाची दांडी आपटायला लागले, जोरजोरात. घरात भांडण नको, असं म्हणत असतील. लेक डोळे पुसत कामावर गेली. मला वाईट वाटलं. उपासाने मन शुद्ध होतं म्हणतात, माझं तर दिवसेंदिवस जास्त चिडकं होतंय. की आतली घाण अशीच आधी वर येते?

दिवसभर चमच्याला हात लावला नाही. नळीतूनच दिलं.

२३ तारीख, रविवार

परवापासून लिहायला बसले की अक्षरं हलतात. उद्या एकादशी आहे, गुरुवारी तपासणी. डॉक्टरांनी ऑपरेशनचा कागद पाठवलाय, त्यावर मी सही करायची. कागद कपाटावर ठेवलाय, उंच, हात पोचू नये म्हणून.

वन्संना विचारलं. म्हणाल्या, "निर्जळी कर. पाण्याचा थेंब नाही. मग बघ." म्हटलं, "वन्सं, भीती वाटते." त्या म्हणाल्या, "मलाही वाटते गं. धाकटा भाऊ आहे माझा." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

तर उद्या निर्जळी. देवा, आता माझ्याकडे सोडण्यासारखं पाणीच राहिलंय.

२४ तारीख, सोमवार, एकादशी

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी संकल्प सोडला. दहाच्या सुमाराला जीभ टाळूला चिकटायला लागली, पण मन खरंच शांत होतं. घोटबाई आली. आज शेवटचा नेट लावू म्हणाली. मीच भात अगदी मऊ करून, घोटून वाटीत आणला. ह्यांना ताठ बसवलं, पाठीला उशा लावल्या. मी समोर स्टुलावर बसले. चमचा पुढे केला. कुलूप.

"अहो, खा ना," मी म्हटलं. माझा आवाज फाटका आला. ओठ फुटले होते. ह्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. मग डावा हात उचलला आणि माझ्या हातातला चमचा घेतला. घोटबाई एकदम पुढे झाली, कारण आजवर तिच्यासमोर ह्यांनी त्या हाताने काही उचललं नव्हतं. तिला वाटलं, हे स्वतः खाणार.

चमचा माझ्या तोंडाशी आला.

मी ओठ मिटले. एकादशी आणि भाताचा घास. मी मान फिरवली. चमचा तिकडे आला. मी दुसरीकडे फिरवली, चमचा पुन्हा समोर. "अहो, आज नाही, एकादशी आहे," एवढं मी दातांवर दात ठेवूनच म्हटलं, तोंड उघडलं तर घास आत जाईल म्हणून. भात माझ्या मांडीवर सांडला. जो हात केसाइतकी बारीक काच घासताना कधी हलला नाही, तो पानासारखा थरथरत होता आणि तरी हे तो खाली घेईनात. कपाळावर घाम आला होता.

घोटबाई हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही दोघं सारखीच दिसताय."

मला तिचा राग आला. ह्यांचा राग आला. मग ह्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं. दुखण्यात इतके दिवस काढले, पण मी ते पाणी बघितलं नव्हतं. मी तोंड उघडलं.

अळणी भात. घशाखाली उतरला तेव्हा कळलं, मला किती भूक लागली होती. मी गिळलं तसं ह्यांनी चमचा सोडून दिला आणि तोंड उघडलं. आ वासून बसले, पाखराच्या पिल्लासारखे.

"द्या, काकू, लवकर द्या," घोटबाई म्हणाली.

दिला. घाटी वर गेली, खाली आली. दुसरा पुढे केला तर ओठ मिटलेले, नजर माझ्यावर. मी खाल्ला. मग ह्यांनी खाल्ला. अशी सगळी वाटी संपली. घोटबाई मध्येच पाण्याचा पेला घेऊन आली, मला वाटलं ह्यांच्यासाठी, तर तिने तो माझ्या हातात दिला.

एकादशी मोडली. नुसती मोडली नाही, धान्य खाऊन मोडली. आणि खरं सांगायचं तर अधाशासारखं खाल्लं.

२५ तारीख, मंगळवार, द्वादशी

आज पारण्याचा दिवस. कशाचं पारणं करायचं?

लेक आज रजा घेऊन घरी होती. सकाळी तिने माझं ताट वाढून ह्यांच्या पलंगाशी ठेवलं आणि स्टूल ओढून दिलं. मी जेवले, हे जेवले. दुपारी तसंच. दुपारी ताट उचलताना लेक म्हणाली, "आई, तुझ्या लक्षात आलंय ना?"

"काय?"

"तू जेवलीस की जेवतात. तू नाही तर नाही. त्या पहिल्या केळ्यापासून."

मी म्हटलं, असं काही नसतं, योगायोग आहे. ताट घेऊन मोरीत गेले, नळ सोडला आणि रडले. म्हणजे इतके दिवस मी देवाकडे ह्यांच्यासाठी घास मागत होते आणि तो घास मीच अडवून धरला होता. मी जितकं कमी खात गेले तितकं ह्यांनी कमी खाल्लं. मी दिवसभर पाणी सोडलं असतं तर ह्यांनी काय सोडलं असतं? त्या कागदावर सही करून मीच ह्यांचं पोट फाडायला निघाले होते, आणि वर म्हणत होते, मन शुद्ध करतेय. कसलं शुद्ध. समोरच्या माणसाला काय हवंय हे दिसेना इतकं ते शुद्ध झालं होतं.

वन्संना फोन करून सांगितलं, मोडली म्हणून. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी विचारलं, "किती खाल्लं त्याने?"

"वाटीभर."

"आणि तू?"

"मीही."

"मग रोज दोन वाट्या शिजव," म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

२७ तारीख, गुरुवार

डॉक्टरांनी घोटबाईचा अहवाल वाचला, स्वतः ह्यांना खाताना बघितलं. त्यासाठी मला तपासणीच्या खोलीत त्यांच्यासमोर बसून खावं लागलं. नर्स हसायला लागली. लाज वाटली, पण खाल्लं. ऑपरेशन पुढे ढकललंय. असंच चालू राहिलं तर लागणारच नाही, म्हणाले. ह्या वेळी 'काहींचं' वगैरे म्हणाले नाहीत.

सहीचा कागद लेकीने फाडला. मला विचारलंही नाही.

१० मार्च, सोमवार, एकादशी

नाकातली नळी अजून आहे, पण औषधापुरती. हे दोन्ही वेळा जेवतात. शुक्रवारी घोटबाईने 'आ'च्या ऐवजी 'ए' म्हणायला लावलं तर तेही जमलं.

आज एकादशी. आठवडाभर ह्या दिवसाची धास्ती होती. सकाळी देवापुढे बसले, नेहमीसारखं हातावर पाणी घेतलं. काय म्हणावं सुचेना. मग सांगून टाकलं, आज दोन्ही वेळा जेवेन, ह्यांच्यासमोर बसून, पोटभर. तुला चालत नसेल तर माझ्या नावावर लिही, ह्यांच्या नको. पाणी सोडलं आणि उठले.

दुपारी ताट वाढून घेतलं. भात, दही, भाजी. स्टुलावर बसले. ह्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघितलं, मग माझ्या ताटाकडे. कळलं त्यांना. मी घास उचलला आणि तोंडापाशी नेऊन थांबले. निर्जळी परवडली. ती निदान सकाळभर तरी जमली होती, हे जमेना. लहानपणापासून एकादशीला धान्य तोंडात घातलं नाही, त्या एका सोमवारशिवाय, आणि तेव्हा तर ह्यांनी भरवलं होतं. आज माझं मला खायचं होतं.

घास तोंडात घातला. गिळायला गेले तर घशातच अडला. डोळ्यांत पाणी आलं. हे वाट बघत होते, घाई न करता, माझ्या गळ्याकडे बघत. मी पाणी प्यायले. घास खाली उतरला.

मग ह्यांनी तोंड उघडलं.